भोंगा कुणासाठी?

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरातला टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलांनी पुस्तके उघडायची. साडेआठला दुसरा भोंगा झाला की ज्याला त्याला मोकळीक. तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, आपल्या विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांनी मोबाईल वापरायचा नाही. वापरताना सापडल्यास दोनशे रुपये दंड.

दोन्ही गावांची कळकळ खरी आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हे दोन निर्णय एकसारखे नाहीत. वडगावने दिवसातल्या एका वेळेला हात घातला, बान्सीने एका वयाला. वडगावात भोंगा वाजला की सासूची मालिका थांबते, बापाचा क्रिकेटचा सामना थांबतो आणि त्यांच्याबरोबर मुलाचा मोबाईलही खाली ठेवला जातो. बान्सीच्या ठरावात बापाचा मोबाईल बापाच्या हातातच राहतो.

आमच्या उंद्रीत या दोन्ही गावांची नावे पुन्हा निघाली आहेत. दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी ती निघतात. "मोबाईलनं पोट्टे कामातून गेले, भाऊ. आपणही बान्सीसारखं करून टाकू," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणणाऱ्यांत आमचे स्नेही आहेत, नातलग आहेत. त्यांच्या म्हणण्याला थोडक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून यावेळी हे सदर त्यासाठी घेतले आहे.

हा मोबाईल मुलांच्या हाती आला कसा, ते आधी पाहावे लागेल. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि पुढचे काही महिने इंटरनेट फुकट मिळाले. त्याआधी गावात नेटचा रिचार्ज म्हणजे चैन होती. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नव्हते, त्याच्या घरी सिनेमा येऊ लागला. तरीही फोन बहुधा बापाच्या किंवा मोठ्या भावाच्या खिशात असे. मुलांच्या हाती तो खऱ्या अर्थाने आला मार्च २०२० नंतर. शाळांना कुलूप लागले. आपण म्हणालो, आता अभ्यास यातच आहे. कुणी सोयाबीनचे पैसे मोडून फोन घेतला, कुणी बचत गटाचे कर्ज काढून. चौथीपर्यंतच्या मुलांची शाळा पुन्हा भरली ती डिसेंबर २०२१ मध्ये. दीड वर्षाहून अधिक काळ आपणच मुलांना सांगत होतो की फोन घे आणि कोपऱ्यात बस. शाळा उघडल्यावर आपण म्हणालो, फोन ठेव. कोणत्या मुलाने लगेच ऐकले असते?

त्या काळात ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांचे काय झाले, हेही विसरू नये. सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या शेकडो घरांच्या भिंतींवर धडे, पाढे आणि व्याकरण रंगवून घेतले. मुले गल्लीत फिरत फिरत शिकली. जव्हार-मोखाड्याकडे लाऊडस्पीकर लावून पाठ ऐकवले गेले. पुढे फोन आले आणि या गोष्टी आपण विसरलो. आम्हांस मात्र त्यांतून एक दिसते. त्या भिंतीपुढे चार मुले एकत्र उभी राहत होती. फोनपुढे एकटेच बसतात.

'असर' नावाची पाहणी 'प्रथम' ही संस्था ग्रामीण भागात घरोघर जाऊन करते. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना विचारले होते की गेल्या आठवड्यात फोनवर काय केले. अभ्यासासाठी वापरला असे सांगणारे ५७ टक्के निघाले आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारे ७६ टक्के. पारावर पहिला आकडा कोणी सांगत नाही, फक्त दुसरा सांगतात. फोन वापरता येणाऱ्या शंभरांतली सत्तावन्न मुले अभ्यासासाठी फोन उघडतात, ही आम्हांस लहान गोष्ट वाटत नाही. आमच्या वेळी गाईड मिळवायचे तर चिखलीला जावे लागे आणि एक गाईड पाच जणांत फिरे.

शिकण्याचेच पाहा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड प्रकाशित करण्यास सुरुवात केली. वसंत मून यांनी त्यांचे संपादन केले. आमच्या तरुणपणी यांतला एखादा खंड हाती लागावा म्हणून माणसे चैत्यभूमीच्या किंवा दीक्षाभूमीच्या गर्दीत पुस्तकांच्या दुकानांपुढे तास-तास उभी राहत. मिळाला तर तो गावात हातोहात फिरे आणि परत येई तो कोपरे दुमडलेला. आज तेच खंड उंद्रीतला मुलगा घरी बसून एक पैसा न देता उतरवून घेऊ शकतो. किती जण घेतात, हा प्रश्न निराळा. आम्ही अकरावी-बारावीच्या मुलांना विचारले. त्यांतल्या बहुतेकांना हे माहीतच नव्हते. माहीत झाल्यावर दोघांनी एक खंड उतरवून घेतला आणि एकीने वाचायला सुरुवातही केली. इंग्रजी अडते तिथे फोनवरच शब्दाचा अर्थ पाहते.

याची दुसरी बाजूही आहे. सकाळी उठल्याबरोबर सुविचार येतात. निळी पाटी, बाबासाहेबांचे छायाचित्र आणि खाली एखादे वाक्य. यांतली कितीतरी वाक्ये बाबासाहेबांनी कधी म्हटलेली वा लिहिलेली नाहीत. कोणीतरी लिहिली, नाव त्यांचे घातले आणि सोडून दिली. पाठवणारा श्रद्धेने पाठवतो. मुले तेच पाठ करतात, भाषणात म्हणतात आणि टाळ्या घेतात. आम्ही एका मुलास विचारले, "बाळा, हे कोणत्या ग्रंथात आहे?" तो म्हणाला, "काका, ग्रुपवर आलं होतं." ज्या पुरुषाने प्रत्येक विधानाला आधार दिला, त्यांच्या नावावर आपण निराधार वाक्ये फिरवतो. बरे, ही वाक्ये पाठवणारे बहुतेक पन्नाशीचे असतात, पंधरा वर्षांचे नव्हे.

मैत्रीविषयी बोलायचे तर आमचे मत पारावरच्या मताहून थोडे वेगळे आहे. लोक म्हणतात, मोबाईलने मैत्री मारली. चार पोरे ओट्यावर बसलेली असतात आणि चौघांच्या माना चार फोनांत असतात, हे आम्हीही रोज पाहतो. पण आपल्या भागातून किती कुटुंबे दिवाळीनंतर घर बंद करून जातात ते आठवा. कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्याकडे बांधकामावर, कोणी सुरतेला. पूर्वी असे मूल गेले की वर्गातून त्याचे नाव पुसले जाई. उन्हाळ्यात परत आले की ते सोबत्यांपेक्षा मागे राहिलेले असे आणि लाजून शाळेतच जात नसे. आज तसे होईलच असे नाही. आमच्या माहितीतली सातवीतली एक मुलगी आईबापांबरोबर भट्टीवर गेली. तिची मैत्रीण रोज संध्याकाळी आपल्या वहीच्या पानाचा फोटो काढून तिच्या बापाच्या फोनवर पाठवीत असे. बाप भट्टीवरून आला की मुलगी पाने उतरवून घेई. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिची वही पूर्ण होती. या मैत्रीला कोणते नाव द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावे. बान्सीचा नियम अक्षरशः पाळला असता तर ती वही कोरी राहिली असती.

आता त्याच फोनवर मैत्री तुटते कशी, तेही सांगतो. दहावीच्या मुलांचा वर्गाचा एक ग्रुप असतो. त्यात सगळे असतात. त्याशिवाय लहान लहान ग्रुप असतात, आणि त्यांत सगळे नसतात. वर्गाच्या ग्रुपवर क्रिकेट चालते आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा चालतात. एप्रिल महिना आला की चौदा तारखेचे स्टेटस लागतात. कोणी हृदयाचे चिन्ह पाठवतो, कोणी काहीच करत नाही, आणि एखादा लहान ग्रुपवर काहीतरी लिहितो, जे कुणीतरी फोटो काढून ज्याच्यासाठी नव्हते त्याच्याकडे पोहोचवतो. दुसऱ्या दिवशी एकाच बाकावर बसणारी दोन मुले वेगळ्या बाकांवर बसतात. शिक्षकांना कारण कळत नाही, घरी कोणी विचारत नाही. पूर्वी मनात ठेवलेली गोष्ट आता लिहिलेली असते, आणि लिहिलेली गोष्ट पुसता येत नाही. मुले भांडत नाहीत, फक्त बोलायचे थांबतात. आम्हांस भांडण परवडले असते.

स्टेटस म्हणजे मुलांचा खेळ, असे समजणाऱ्यांनी काही वर्षे आठवावीत. मे २०१५ मध्ये शिर्डी येथे एका तरुण नर्सिंग विद्यार्थ्याचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गीताची रिंगटोन वाजली आणि त्यावरून वाद पेटला, असे त्यावेळी वर्तमानपत्रांत आले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मुलांच्या स्टेटसवरून शहर बंद पडले, दगडफेक झाली आणि इंटरनेटसेवा थांबवावी लागली. आपल्या मुलाचा फोन म्हणजे त्याचे नाव, त्याचा पाडा, त्याचा महापुरुष, सगळे दारावर लावलेली पाटी आहे. ती पाटी लावू नको, असे आम्ही मुलांना कधी सांगणार नाही. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने छापली नव्हती. आज उंद्रीतल्या मुलाला स्वतःचे म्हणणे जगापुढे मांडायला कोणत्याही संपादकाची परवानगी लागत नाही. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉक बंद झाले तेव्हा शहरातले लोक हसले. पण खेड्यातल्या कितीतरी मुलामुलींना पहिल्यांदा कोणी पाहिले, वाहवा केली, ती त्या टिकटॉकवर. नाचताना, शेतात काम करताना, गाणी म्हणताना. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही त्यांना पाहिले जाण्याची भूक किती असते, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको.

मुलांना सांगायचे ते वेगळे आहे. कोणी जातीवरून घाण लिहिले तर शिवीला शिवी लिहू नका. त्या मजकुराचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ दिसू द्या, पाठवणाऱ्याचा नंबर जपा आणि घरच्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी दाखवा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे, आणि योग्य प्रसंगी तो फोनवरच्या मजकुरालाही लागू शकतो. मात्र रागाच्या भरात आपण उलट जे लिहितो तेही पुरावाच होते. मूल अठराच्या आतले असेल आणि त्रास वाढत असेल तर १०९८ या क्रमांकावर मदत मिळते. हे चार क्रमांक-कायदे घराच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लिहून ठेवावेत.

परंतु हे सगळे बाजूला ठेवले तरी बान्सीच्या वाटेने जाण्यास आमचा विरोध आहे, आणि त्याचे कारण मुली आहेत.

आम्ही कारकून माणूस. कार्यालयातून सुटलो की गावातल्या मुलामुलींचे अर्ज भरून देणे हे आमचे काम होऊन बसले आहे. आम्ही बी. कॉम. करीत असताना शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर असे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला जोडला आणि कॉलेजच्या बाबूच्या टेबलावर ठेवला की झाले. आता भारत सरकारची शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून भरावी लागते. आधारशी जोडलेला मोबाईल नंबर लागतो, आधारशी जोडलेले बँकखाते लागते, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड लागतो, आणि प्रत्येक वळणावर ओटीपी येतो. दरवर्षी नूतनीकरण असते ते वेगळे. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही सबंध राज्यात ऑनलाइन झाला. म्हणजे दहावी झालेल्या पोरीला पुढे शिकायचे तर पहिली गाठ फोनशी आहे.

गेल्या वर्षी बारावी झालेली एक मुलगी आईला घेऊन आली. अर्ज उघडला, आधार क्रमांक टाकला. ती म्हणाली, "काका, ओटीपी दादाच्या फोनवर गेला." दादा चाकणला कंपनीत. कामाच्या वेळेत फोन कपाटात ठेवावा लागतो. ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो. संध्याकाळी दादाने फोन घेतला तेव्हा इकडे वीज गेलेली. दुसऱ्या दिवशी त्याची पाळी बदलली. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दादाने खाडा केला, दिवसभर फोन हातात धरून खोलीवर बसला, तेव्हा अर्ज भरला गेला. पोरीच्या अर्जासाठी भावाची एक दिवसाची मजुरी बुडाली. भाऊ चांगला होता म्हणून निभावले.

आईला आम्ही विचारले, "बाई, पोरीचा नंबर का नाही?" आईने जे सांगितले ते असे. मुलगी दहावीत असताना तिच्याकडे फोन होता, लॉकडाऊनमध्ये घेतलेला. सहलीतला एक फोटो मैत्रिणीने टाकला. त्यात ही होती. वर्गातल्या एका मुलाने त्या फोटोखाली काहीतरी लिहिले. गोष्ट घरी पोहोचली. बापाने फोन काढून घेतला आणि सिम मोडून टाकले. फोटो मुलीने टाकला नव्हता, मजकूर मुलीने लिहिला नव्हता. ज्याने लिहिला त्याचा फोन त्याच्याच हातात राहिला, आणि नंतर त्याने नवा घेतला.

ही एका घरची गोष्ट नाही. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वर्षांच्या तरुणांची माहिती आहे. सुमारे नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन आहे. घर भरलेले आहे असे वाटते. पण ज्यांना फोन वापरता येतो त्यांतल्या किती जणांचा तो स्वतःचा आहे, असे विचारले तेव्हा मुलांत ४३.७ टक्के आणि मुलींत १९.८ टक्के निघाले. निम्म्याहूनही कमी. घरातला फोन मुलीला मिळतो तो भावाचे झाल्यावर, रात्री, बॅटरी संपत आलेली असताना, आणि कोणीतरी खांद्यावरून पाहत असताना. अशा गावात तुम्ही अठराच्या आतल्यांना मोबाईल बंद, असा ठराव केलात तर काय होईल? मुलगा शेतातल्या गोठ्यात जाऊन वापरील, मित्राच्या घरी जाऊन वापरील, पानटपरीच्या मागे उभा राहून वापरील. नियम पाळला जाईल तो फक्त मुलीच्या बाबतीत. आणि तिची शिष्यवृत्ती, तिचा प्रवेश, तिच्या मैत्रिणी आणि तिचा पासवर्ड पुन्हा एकदा दुसऱ्या कोणाच्या खिशात जाईल. सावित्रीमाईंच्या जयंतीला आपण मुलींची भाषणे ऐकतो. ती भाषणे त्या मुली हल्ली फोनवर शोधून तयार करतात, हे लक्षात असू द्यावे.

वडगावची गोष्ट आम्हांस का पटते, हे आता सांगता येईल. तिथे भोंग्याचा निर्णय झाला तो १४ ऑगस्टला महिलांच्या सभेत. त्या बायांनी आधी स्वतःचे सांगितले की आम्ही मालिका सोडत नाही आणि मुले मोबाईल सोडत नाहीत. मग आशाताई, अंगणवाडीच्या बाया, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. म्हणजे आधी माणसे फिरली आणि मग भोंगा वाजला. बेळगावजवळच्या हलगा या गावानेही डिसेंबर २०२४ पासून सात ते नऊचा भोंगा सुरू केला. तिथेही नियम सगळ्या घराला आहे, एकट्या मुलाला नाही.

जगातही हा वाद चालू आहे. ऑस्ट्रेलियाने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली आणि ती १० डिसेंबर २०२५ पासून अमलात आली. आमच्या पारावर या बातमीचा मोठा आधार घेतला जातो. पण त्या कायद्यात दंड कोणाला आहे ते कोणी वाचत नाही. मुलाला नाही, आईबापालाही नाही. दंड त्या कंपन्यांना आहे, कोट्यवधी डॉलरचा. आपल्याकडे ज्यांनी हे सगळे मुलांच्या हातात आणून दिले ते नफा मोजतात आणि दोनशे रुपये मोलमजुराच्या पोराने भरायचे.

आणि मोठ्यांचे काय, हेही एकदा बोलून टाकावे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी भटकी माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती, तेवढ्यावरून त्यांना संपवले. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने एक संदेश पाचाहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येऊ नये अशी सोय भारतात केली. ती अफवा पुढे पाठवणारे हात शाळकरी मुलांचे होते असे कोणी म्हणाले तर आम्हांस पटणार नाही. तरीही त्यानंतर मोठ्यांनी मोबाईल वापरू नये असा ठराव कोणत्याही ग्रामसभेने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

उंद्रीत काय करता येईल याविषयी आमची सूचना साधी आहे. भोंगा वाजवायचा असेल तर जरूर वाजवा, संध्याकाळी सात ते साडेआठ. पण तो सगळ्या घरांना वाजू द्या, पानटपरीला आणि ग्रामपंचायतीच्या कट्ट्यालाही. त्या वेळात विहाराचे दार उघडे ठेवू, दिवे लावू, आणि ज्या घरात एकच खोली आहे त्या घरातली मुले तिथे येऊन बसतील. मुले कोणत्याही वस्तीतली असोत. दोन-तीन पदवीधर तरुण आळीपाळीने बसायला तयार आहेत. आठवड्यातून एक दिवस त्याच वेळी फोन मुद्दाम उघडायचा, सर्वांनी मिळून. आलेला सुविचार खरा की खोटा ते ग्रंथाचा खंड उघडून पाहायचे, अर्ज भरायचे, कोणी त्रास दिला असेल तर तो कसा थांबवायचा ते शिकायचे. मोठ्या भिंतीवर पडदा लावून एक धडा सगळ्यांनी पाहिला तर नीलमनगरच्या भिंतीसारखीच ती आपली भिंत होईल. खर्च फार नाही. जयंतीच्या डीजेतून एका तासाचे भाडे कमी केले तरी वर्षाचा रिचार्ज निघेल. हे वाक्य कोणाला लागले असेल तर आमचा इलाज नाही.

मुलींसाठी एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही, कारण प्रवेशाच्या तारखा थांबत नाहीत. अठरा पूर्ण झालेल्या मुलीचे सिम तिच्या नावावर घ्यावे. अठरा पूर्ण नसतील तर आईच्या नावावर घ्यावे, भावाच्या किंवा काकाच्या नको. आधारला तोच नंबर जोडून घ्यावा. मुलीच्या फोटोवर कोणी काही लिहिले तर आधी लिहिणाऱ्याच्या घरी जावे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात यासाठी बसायचे ठरले आहे. भोंग्याचा विषय त्यावेळी घेऊच, पण त्याआधी दहावी-बारावीच्या मुलींचे नंबर तपासून घेऊ. मुलींनी आईला बरोबर आणावे. येताना आधारकार्ड, बँकेचे पासबुक, आईचा फोन चार्ज केलेला, आणि एक कोरी वही आणावी. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड त्या वहीत मुलीने स्वतःच्या हाताने लिहायचे आहेत, आणि वही घरी तिच्याच दप्तरात राहील.